जड माल कुठे ठेवायचा

१४ ऑगस्ट

मालाया, हे वाचायला घेशील तेव्हा तू आधी चष्मा शोधशील, आणि तो सापडेपर्यंत काय वाचायचं होतं तेच विसरशील. तुला माझ्या धाकट्या बहिणीचं नाव दिलं आणि नावाबरोबर तिचा विसराळूपणाही पुरता आला. ती एकदा बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसली आणि गळ घरीच राहिला होता. तू नर्सिंग शिकायला ऑटवाला गेलीस आणि सीलच्या कातड्याचे बूट इथे खिळ्यावर टांगून गेलीस. ते रोज माझ्याकडे बघतात.

तू म्हणालीस म्हणून मी हे रोजचं लिहून ठेवायला घेतलंय. म्हणजे मी बोलते आणि तुझी आई लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे रीपीका माझं बोलणं लिहिते की स्वतःचं, हे मला जन्मात कळायचं नाही. आत्ता ती हसतेय. हेही लिही, रीपीका.

तर गेल्या आठवड्यात वर्षातून एकदा येणारं जहाज आलं. वर्षाचं पीठ, साखर, चहा आला, माझ्या झोपडीचे प्लायवूडचे तक्ते, लोखंडी शेगडी आणि एक काचेची खिडकी आली. आणि तुझ्या वडिलांनी मागवलेली ती गाडी आली. हिरवी, चार चाकांची, वर नळ्यांचा पिंजरा, आणि मागे ओढायला ट्रेलर. तिला साइड-बाय-साइड म्हणतात, कारण तिच्यात दोघं शेजारी शेजारी बसतात. कुत्र्यांच्या स्लेजवर आम्ही एकामागे एक बसायचो, कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नसे. संसार त्यामुळे टिकायचे.

गाडी कालुक चालवणार. तुझा भाऊ, माझा नातू, आणि माझा बाप. माझे बाबा गेल्यावर तो जन्मला, त्याला त्यांचं नाव दिलं, म्हणून मी त्याला बाबा म्हणते आणि तो मला पोरी म्हणतो. तुला हे माहीत आहे, पण तू तिकडच्या मैत्रिणींना वाचून दाखवशील आणि त्या तोंड वासतील, म्हणून सांगितलं. यात अडचण एकच. नातू चुकला तर कान उपटता येतो. बाप चुकला तर काय उपटायचं?

काम असं आहे. सप्टेंबरात लाल पोटाचे मासे समुद्रातून नदीत चढतात. ते अडवायला माझ्या पहिल्या बाबांनी दगड रचून घातलेला बांध अजून तिथे आहे. तिथली झोपडी मात्र गेल्या हिवाळ्यात अस्वलाने मोडली. दवाखान्यातली बाई म्हणते, आजी, तुमची छाती बघता तंबूत झोपणं बंद. छप्पर आणि शेगडी असेल तर जा. बोटीने माल न्यावा, तर तुझ्या वडिलांच्या, जोआनासीच्या, बोटीचं इंजिन नेहमीच्या जागी आहे, म्हणजे स्वयंपाकघराच्या जमिनीवर सुटं करून ठेवलेलं. तेव्हा सगळी मदार त्या हिरव्या गाडीवर. बर्फ पडायच्या आत झोपडी उभी राहिली तर मी नदीवर. नाही तर सगळा हिवाळा मी आणि तुझे बूट, एकमेकांकडे बघत.

१७ ऑगस्ट

पहिली खेप झाली. डोकं अजून भणभणतंय.

माल मी स्वतः उभं राहून लावून घेतला. स्लेज भरणं मी चालायला लागले तेव्हापासून बघत आलेय, आणि या गावात ते नीट येणारी माणसं आता स्मशानात आहेत किंवा मी आहे. नाक हलकं, शेपूट जड. नाक जड झालं की स्लेज बर्फात तोंड खुपसते आणि कुत्री मागे वळून तुमच्याकडे असं बघतात की लाज वाटावी. म्हणून शेगडी अगदी मागे, खिळ्यांचा डबा मागे, तेलाचं पिंप मागे. पुढे माझी गादी आणि बॅनकच्या जाड भाकऱ्यांची पिशवी.

कालुक मान चोळत उभा होता. म्हणाला, "पोरी, याला चाकं आहेत."

"मला दिसतायत," मी म्हटलं. "मोतीबिंदू काढून झालाय माझा."

"म्हणजे, चाकांवरचं ओझं जरा वेगळं..."

"बाबा, स्लेज भरायला मला तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच विसरलात?"

मोठ्यांना उलटून बोलायचं नाही हे त्याला आईने शिकवलंय, आणि मी त्याची मुलगी असले तरी आजीही आहे. तो ट्रेलर जोडायला गेला. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर अडकवला तर तो वर उचलला जायला लागला, म्हणून त्यावर उभं राहून दाबून बसवला. त्याच्या खाली दोन साखळ्या आडव्या-तिडव्या लावल्या. मी विचारलं, एवढ्या साखळ्या कशाला, कुत्रं पळून जाणार आहे का? म्हणाला, दांडा निसटला तर साखळी धरते. मला पट्टा बांधला, पाळण्यातल्या पोरासारखा. मी तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, पट्ट्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. मला हे खोटं वाटतं, पण बापाला खोटारडा कसं म्हणायचं.

आणि काय ती गाडी. गाव संपलं, कचऱ्याचं मैदान गेलं, आणि ट्रेलर मांस बघितलेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. गाडीची मागची चाकं हलक्या खडीतसुद्धा नुसती फिरायची. कालुक हळू झाला. मग आणखी हळू झाला. एक बदक आम्हाला मागे टाकून गेलं, चालत.

येताना ट्रेलर रिकामा. अगदी चर्चमधल्यासारखा गप्प आला. याचा अर्थ उघड आहे: गाडी कामचुकार आहे. ओझं दिसलं की अंगात येतं.

रीपीकाने इथे पेन थांबवलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, शाई अडकली.

१८ ऑगस्ट

जोआनासीने चाकं बघितली, हवा बघितली, गोळा बघितला, फोनमध्ये बघितलं. शेवटी म्हणाला, "पोरगा वेगात नेत असणार."

मी म्हटलं, "बदक पुढे गेलं."

"कुठलं बदक?"

जाऊ दे. या घरात ऐकतं कोण.

२१ ऑगस्ट

आज मी चोर पकडला.

दुसरी खेप: तक्ते, दाराची चौकट, पुन्हा एक तेलाचं पिंप. माल माझ्या सांगण्याप्रमाणे लावला. गावाबाहेरच्या वळणावर कालुक थांबला. म्हणाला, "पोरी, चाकातून आवाज येतोय, बघतो. तू तिकडे दगडाआड बस, वारा आहे. थर्मासमध्ये चहा आहे."

इतका प्रेमळ बाप. मी चहा प्याले, दोन बिस्किटं खाल्ली, आणि दगडाआडून डोकावले तर काय: माझा बाप तेलाचं पिंप घरंगळवत ट्रेलरच्या पुढच्या अंगाला नेतोय.

"बाबा."

तो दचकला. पिंपाला मिठी मारून उभा राहिला, जसं काही ते लग्नातलं नाचणं आहे.

"चाकाचा आवाज पिंपातून येतो का?"

"नाही पोरी. मी फक्त... थोडं पुढे..."

"परत मागे."

"थोडंच. चाकांच्या जरासं पुढे."

"बाबा, मी म्हातारी आहे. माझी करमणूक करायची तर गाणं म्हणा. माल हलवू नका."

त्याने मोठा श्वास सोडला आणि पिंप परत मागे नेलं. जड होतं, कपाळाची शीर फुगली. मला वाईट वाटलं. पण गेल्या वेळी त्याने शेगडीही अशीच हलवली असणार, आणि म्हणूनच ट्रेलर बिथरला असणार. आज संपूर्ण रस्ताभर माल माझ्या पद्धतीने भरलेला होता, तरी जास्तच हलला. म्हणजे एकदा बिघडलेली सवय जात नाही. कुत्र्यांचंही तसंच असतं.

२३ ऑगस्ट

पाऊस. जोआनासीने इंजिनाचा आणखी एक तुकडा काढला. आता तो जेवणाच्या टेबलावर आहे.

२५ ऑगस्ट

मालाया, घाबरू नकोस, सगळी जिवंत आहेत. आधी तेवढं लिही, रीपीका, मग बाकीचं.

तिसरी खेप होती. शेगडीची नळी, छताचे पत्रे, दोन पिंपं, आणि खिडकी. खिडकी मी एका जुन्या गादीत गुंडाळून सगळ्यांत पुढे ठेवली, हलकी म्हणून. पिंपं सगळ्यांत मागे. कालुकने आज नुसतं एकदा माझ्याकडे आणि एकदा पिंपांकडे बघितलं.

नदीच्या अलीकडचा उतार तुला आठवत असेल. नसेलही, पण असू दे. बाबा, म्हणजे पहिले बाबा, तिथे स्लेज थांबवायचे, कुत्री सोडायचे आणि स्लेजच्या मागे बांधायचे. भरलेली स्लेज उतारावर सुटू नये म्हणून मागून ओढून धरायला. आज मागे कुत्री नव्हती. कालुकने वरतीच गिअर खाली टाकला आणि इतकं हळू सोडलं की मी म्हटलं, याच्यापेक्षा मी बसून घसरत गेले तर लवकर पोचेन.

मग ट्रेलर हलायला लागला. नेहमीसारखा नाही. एकदा डावीकडे, मग उजवीकडे त्याहून लांब, मग डावीकडे त्याहूनही लांब, आणि गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर. कालुकने ब्रेक दाबला नाही, चाक घट्ट धरून ठेवलं. त्याचा एक हात माझ्यापुढे आडवा आला, जसा पोरीपुढे बाप धरतो. मग मागून मोठा धक्का. ट्रेलर आडवा झाला आणि कलंडला. गाडी एका बाजूच्या चाकांवर उभी राहिली, विचार केला आणि परत खाली आली.

मी पट्ट्यात लटकत होते. तोंडात बिस्किट होतं. ते मी गिळलं.

कालुकचं कपाळ पिंजऱ्याच्या नळीवर आपटून फुटलं. रक्त डोळ्यात येत होतं तरी पहिलं विचारलं, "पोरी, कुठे लागलं?" मी म्हटलं, कुठेही नाही. तेव्हा तो खाली उतरला आणि गवतात बसला. पिंपं पार नदीपर्यंत घरंगळत गेली; झाकणं घट्ट होती म्हणून तेल सांडलं नाही. साखळ्यांनी ट्रेलर धरून ठेवला, नाही तर तोही गेला असता.

खिडकी गेली. गादीसकट गेली. पुढचं जहाज पुढच्या वर्षी.

दुष्ट ट्रेलर आहे तो. दुसरं काही नाही.

२६ ऑगस्ट

सकाळपासून घरात चहाला माणसंच माणसं. अपघात झाला की या गावाला फार तहान लागते.

जोआनासीने सगळ्यांसमोर कालुककडून किल्ली मागून घेतली. "वेगाचं वेड," म्हणाला. "उतारावर आजी शेजारी बसलेली, आणि हा शर्यत लावतो. गाडी दुकानाच्या मॅनेजरला देऊन टाकतो, तो मागतच होता." कालुक कपाळाला पट्टी लावून कोपऱ्यात उभा. किल्ली दिली आणि बाहेर गेला.

मला जोआनासीचा इतका राग आला की चहा कडू लागला. एक तर तो कुणावर ओरडतोय हे विसरतो. माझे बाबा म्हणजे त्याचे आजोबा. सख्ख्या आजोबांवर चारचौघांत ओरडणारा मुलगा मी वाढवला. आणि दुसरं, शर्यत कसली? मी तिथेच तर बसले होते.

पण मी काही बोलले नाही. का बोलले नाही ते मलाही सांगता येत नाही. "वेगात नव्हता" म्हटलं असतं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग कशामुळे? आणि ट्रेलर दुष्ट आहे हे लोकांना पटवायला वेळ लागतो.

आज रीपीकाचं अक्षर फार दाबून येतंय, कागदाच्या मागून हाताला लागतंय.

२९ ऑगस्ट

कालुक जेवायला येत नाही. दिवसभर त्या आडव्या पडलेल्या, म्हणजे आता उभ्या करून घराशी आणलेल्या, ट्रेलरपाशी बसतो. मित्र त्याला बघून गाडीच्या आवाजाची नक्कल करतात. गावच्या रेडिओवर पण कुणीतरी फोन करून म्हणालं की उडणारी खिडकी बघायची असेल तर कालुकला विचारा. सगळं गाव हसलं असणार. मी रेडिओ बंद केला, मग पुन्हा लावला, कारण पुढे हवामान सांगणार होते.

दुपारी उकडलेलं सीलचं मांस घेऊन त्याच्याकडे गेले.

"बाबा, खाऊन घ्या."

"भूक नाही पोरी."

"तुम्ही उपाशी राहिलात तर लोक मला नावं ठेवतील. म्हाताऱ्या बापाला जेवू घालत नाही म्हणतील."

थोडं हसला. मांस घेतलं. चावता चावता विचारलं, "पोरी, मी तुला कधी रागावलो होतो का? पूर्वी. तू लहान असताना."

आठवायला वेळ लागला नाही. "एकदा. त्याच उतारावर. तुम्ही कुत्री मागे बांधत होता आणि मी स्लेजवरून उतरत नव्हते. मला वर बसून खाली जायचं होतं, मजा म्हणून. आई ओरडली, भाऊ ओरडला, मी हलले नाही."

"आणि मी?"

"तुम्ही ओरडला नाहीत. जवळ आलात आणि म्हणालात, पोरी, उतर. तेवढंच."

"मग?"

"मग काय. उतरले. तुमच्या आवाजात काहीतरी होतं. पुन्हा तसं कधी बोलला नाहीत."

तो बराच वेळ बोटं चाटत बसला. मला वाटलं, आणखी मांस हवंय, म्हणून माझाही वाटा त्याला दिला.

१ सप्टेंबर

डोंगराच्या माथ्यावर आज पांढरं दिसलं. मी जोआनासीच्या मागे लागले. मॅनेजरला गाडी द्यायची तर दे, पण आधी माझ्या उरलेल्या खेपा होऊ देत. तो म्हणाला, ठीक आहे, मी स्वतः नेतो, म्हणजे या घराला कळेल गाडी कशी चालवतात.

माल लावायला मी ट्रेलरवर चढले, कारण जोआनासीला सांगून समजत नाही, दाखवावं लागतं. शेजारी कुंपणाशी उभे होते, चहाचे पेले घेऊन. "हे पिंप मागे," मी म्हटलं. "नाक हलकं." जोआनासीने मुकाट्याने पिंप उचललं. आईचं ऐकतो, एवढं मात्र आहे.

तेव्हा कालुक आला. ट्रेलरच्या बाजूला उभा राहिला. कपाळावरची पट्टी मळलेली.

"पोरी, उतर."

मालाया, मी तुला खरं सांगते. आवाज त्याचा नव्हता. म्हणजे त्याचाच होता. माझ्या हातात दोरी होती ती मी सोडली, आणि गुडघे दुखतात हे आठवायच्या आत मी खाली उभी होते.

"ही स्लेज नाही," तो म्हणाला. हळू, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "स्लेज सगळी जमिनीवर टेकते. हिला मध्ये दोनच चाकं आहेत. मागे जड केलं की पुढचा दांडा वर उचलला जातो, तो गाडीची मागची बाजू उचलतो, आणि मग ट्रेलर गाडीला हलवतो. जड माल चाकांच्या थोडा पुढे. अगदी दांड्यावर नाही, थोडा पुढे. हलकं मागे. यापुढे ट्रेलर मी भरणार."

पेला ओठाशी धरून माणसं थांबली होती.

जोआनासी म्हणाला, "हे तुला माहीत होतं? मग आधी का नाही..." आणि मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

"आणि तू," कालुक वडिलांना म्हणाला, "पिंप इकडे आण."

माझ्या मुलाने आजोबांचं ऐकलं. पिंप पुढे आणलं.

दुपारी जोआनासी परत आला. कोट काढला, हात धुतले, इंजिनाचे तुकडे सरकवून टेबलावर जागा केली आणि किल्ली कालुकच्या कपाशेजारी ठेवली. "सरळ गेली," म्हणाला. एवढंच. मग पोराच्या कपात साखर घालत राहिला, एक चमचा, दुसरा, तिसरा. कालुक साखर घेत नाही. प्याला तरी.

मला विचारशील तर आज वारा पडलेला होता, त्याचाही थोडा भाग असणार. रीपीका, हसू नकोस. लिही.

३ सप्टेंबर

मी रेडिओला फोन केला. रीपीकाने नंबर लावून दिला, बोलले मी.

म्हटलं, मी उलायुक बोलतेय. माझ्या झोपडीला खिडकी हवी आहे, कुणाकडे जुनी पडून असेल तर सांगा. आणि दुसरी गोष्ट. माझ्या बाबांनी गाडी वेगात नेली नव्हती. मी शेजारी बसले होते, त्या गाडीत शेजारीच बसावं लागतं. माल मागे जड झाला होता. माल कुणी लावला ते विचारायला फोन करू नका, मी उचलणार नाही. आणि ज्याने उडणाऱ्या खिडकीचा विनोद केला त्याचा आवाज मी ओळखला आहे. त्याची आई माझ्याबरोबर खेळायची आणि हरायची.

संध्याकाळपर्यंत एक माणूस मोडक्या ट्रकची पुढची काच घेऊन दारात उभा. तोच, विनोदवाला. त्याला चहा दिला. बॅनक दिलं नाही.

१० सप्टेंबर

झोपडी उभी राहिली. ट्रकची काच इतकी रुंद आहे की सगळी नदी आत येते, आणि वरच्या कोपऱ्यात गाडी तपासल्याचा कागद अजून चिकटलेला आहे. काढू नका म्हटलं. कुठल्या झोपडीला एवढा मान असतो.

उताराचा मात्र मला वैताग आला आहे. दर खेपेला बाबा वरती गाडी थांबवतात आणि म्हणतात, "पोरी, उतर." गाडी सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये एकटे उतरवतात, आणि मी काठी टेकत मागून येते. माझ्या वयाच्या बाईला चालवत नेतात आणि तेलाची पिंपं गाडीतून जातात. मी म्हटलं, ट्रेलर आता सरळ चालतो ना, मग बसू द्या की.

"सरळ चालतो म्हणून रोज चालेलच असं नाही," म्हणाले.

"पट्टा आहे."

"पोरी."

उतरले. शेवटच्या खेपेला मी मागून बघत होते. ट्रेलर गाडीच्या मागून असा जात होता, जसं म्हातारं कुत्रं मालकाच्या मागे जातं, नाक त्याच्या टाचेला. मधल्या दगडापाशी त्यांनी मागे वळून बघितलं, मी येतेय ना म्हणून. पहिले बाबाही तिथेच वळून बघायचे.

डोळ्यात पाणी आलं. वारा फार होता.

१९ सप्टेंबर

मासे आले, मालाया. पोटं अशी लाल की पाण्याखाली कुणी चादर पसरल्यासारखी. बांधाचे दोन दगड ढासळले होते, ते जोआनासीने लावले आणि बोट चेचून घेतलं, त्याचं काही कौतुक नाही. शेगडी तापली आहे. मी आत गादीवर बसून काचेतून त्यांना ओरडून सांगते, आणि जाड काचेमुळे त्यांना काही ऐकू जात नाही. सगळी सुखात आहेत.

उद्या बाबा माशांची पहिली खेप गावात नेतील. विमान शुक्रवारी आहे. तुझ्यासाठी भरलेली माशांची पेटी त्याच्यात चढेल आणि तुझे बूटही त्यात असतील, या वेळी ते विमानतळावर विसरू नकोस.

रीपीका, हे नीट लिही. मालायाला माशांची डोकी पाठवा, शेपट्या नकोत. तिकडे डोकी फेकून देतात म्हणे, तेव्हा तिला चोखायला काही मिळत नसणार. पोटाचे तुकडे जास्त, वाळवलेले थोडे, आणि सीलच्या तेलाची बाटली घट्ट बूच लावून. पेटीत जड कुठे आणि हलकं कुठे ठेवायचं, ते बाबांना विचारा.